उसन्या जगातल्या कथा

२०१८ साली 'तुंबाड' आला आणि कोकणातल्या संततधार पावसात, जुन्या वाड्याच्या पोटात दडलेला हस्तर प्रेक्षकांच्या मनात ठाण मांडून बसला. सोन्याचा आणि धान्याचा हव्यास धरणारा हा देवपुत्र आपल्याच पुराणांतला असावा, इतका तो त्या मातीत मुरलेला वाटतो. पण हस्तर कुठल्याही पुराणात नाही. त्याचे नाव अमेरिकेतून आले, आणि तेही अनेक हातांतून. अँब्रोज बिअर्सने १८९१ साली एका छोट्या कथेत मेंढपाळांचा एक सौम्य देव रंगवला, त्याचे नाव हस्टर. चार वर्षांनी रॉबर्ट चेम्बर्सने ते नाव उचलले आणि आपल्या कथांत कुठे एका ठिकाणाला, तर कुठे एका सेवकाला दिले. १९३१ साली एच. पी. लव्हक्राफ्टने एका दीर्घकथेत अगम्य नावांची एक माळ ओवली, तिच्यात ते नुसते गोवून सोडून दिले. १९३९ साली ऑगस्ट डर्लेथने त्याच हस्टरला विश्वाच्या पलीकडून आलेले महाभयंकर अस्तित्व बनवले. १९८४ साली स्टीफन किंगने 'ग्रॅमा' या कथेत एका मरणपंथाला लागलेल्या आजीच्या चेटकाशी ते नाव जोडले. नारायण धारपांची 'आजी' या 'ग्रॅमा'वर बेतलेली मानली जाते, आणि 'तुंबाड'चे बीज आपल्याला धारपांच्या कथेतून मिळाल्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेले आहे. कॅलिफोर्नियातल्या लेखकाने कल्पिलेला मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाड्यात येऊन पोचला, आणि वाटेत प्रत्येकाने त्याला बदलले.

हा प्रवास कुणी आखलेला नव्हता. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात मात्र अशा प्रवासाला एक ठरलेले रूप मिळाले आहे. एखाद्या नामवंत लेखकाने उभे केलेले काल्पनिक जग घ्यायचे, पंधरा-वीस लेखकांना निमंत्रण द्यायचे आणि त्या जगात घडणारी एकेक नवी कथा प्रत्येकाकडून लिहून घ्यायची. निमित्त बहुधा त्या लेखकाच्या कारकिर्दीची पन्नास वर्षे किंवा जन्मशताब्दी. समीक्षक अशा संग्रहांना फारसे मोजत नाहीत. चाहत्यांच्या खिशावर डोळा ठेवून काढलेला माल, असे त्यांना वाटते, आणि पुष्कळ संग्रहांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण एखाद्या साहित्यप्रकाराची पारख त्यातल्या सुमार मालावरून करायची तर कविता हा प्रकारही मोडीत काढावा लागेल. अशा संग्रहांतल्या ज्या कथा टिकल्या त्या पाहिल्या, तर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. त्या लिहिणाऱ्यांनी मूळ लेखकाला नुसता नमस्कार केलेला नाही, त्याला जाब विचारला आहे. आणि ज्या लेखकाने आपल्या जगात असा जाब विचारायला जागा ठेवली, किंवा ज्याच्या वारसांना ती अडवता आली नाही, त्याचेच जग त्याच्या मागे वाढत राहिले आहे. हे मला इथे दाखवायचे आहे.

सुरुवात लव्हक्राफ्टपासूनच करायला हवी, कारण या प्रकाराची सगळी बरीवाईट अंगे त्याच्या वाट्याला आली. १८९० साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स या शहरात बहुतेक आयुष्य काढून १९३७ साली वारला. 'विअर्ड टेल्स' या स्वस्त मासिकात तो भयकथा लिही. त्याच्या कथांच्या मुळाशी एकच विचार होता. विश्व अफाट आहे, त्यात माणसाहून कितीतरी जुनी आणि बलाढ्य अस्तित्वे आहेत, आणि त्यांच्या लेखी माणूस खिजगणतीतही नाही. हे जग त्याने नकाशे काढून, वंशावळी मांडून कधी बंदिस्त केले नाही. ग्रंथांची, देवांची, गावांची नावे पेरली आणि सोडून दिली. 'नेक्रोनॉमिकॉन' हा शापित ग्रंथ आणि त्याचा लेखक वेडा अरब अब्दुल अल्हझ्रेद, दोन्ही त्याच्या कल्पनेतले. मित्रांनी ही नावे आपल्या कथांत खुशाल वापरावीत, असे तो सांगे आणि स्वतः त्यांची नावे वापरी. कॅलिफोर्नियातला क्लार्क ॲश्टन स्मिथ आणि टेक्ससमधला रॉबर्ट हॉवर्ड यांना तो आयुष्यात कधी भेटला नाही. सगळा व्यवहार टपालाने. तरी तिघांच्या कथांतून एकाच अंधाऱ्या प्रदेशाचे निरनिराळे कोपरे दिसू लागले.

या मंडळातल्या सर्वांत लहानांपैकी एक रॉबर्ट ब्लॉक, मिलवॉकीचा. पुढे १९५९ साली 'सायको' ही कादंबरी लिहिणारा तोच. १९३५ साली तो अठरा वर्षांचा होता, आणि आपल्या एका कथेत लव्हक्राफ्टवर बेतलेल्या पात्राला मारून टाकावे असे त्याच्या मनात आले. पोराने पत्र लिहून रीतसर परवानगी मागितली. लव्हक्राफ्टने ती लेखी दिली, आणि खाली साक्षीदार म्हणून अब्दुल अल्हझ्रेदसारख्या काल्पनिक मंडळींच्या सह्या केल्या. कथा छापून आली. मग लव्हक्राफ्टने परतफेड केली. 'द हाँटर ऑफ द डार्क' या त्याच्या कथेत रॉबर्ट ब्लेक नावाचा तरुण लेखक प्रॉव्हिडन्सला येतो, खिडकीतून दूर टेकडीवरचे एक काळवंडलेले, ओसाड चर्च रोज पाहतो, तिथे जाऊन जे पाहू नये ते पाहून येतो आणि एका वादळी रात्री, गावातले दिवे गेलेले असताना, त्याच खिडकीपाशी मरतो. ब्लेकचा मिलवॉकीतला पत्ता म्हणून लव्हक्राफ्टने ब्लॉकचा खराखुरा पत्ता घातला होता, आणि खिडकीतून दिसणारे दृश्य त्याच्या स्वतःच्या खोलीतले होते. १९३६ च्या डिसेंबरात ही कथा छापली गेली, पुढच्या मार्चमध्ये लव्हक्राफ्ट गेला. ब्लॉकने १९५० साली तिसरी कथा लिहून ब्लेकच्या मृत्यूचा तपास पुढे नेला. तीन कथा, दोन लेखक, पंधरा वर्षे. यात नक्कल कुठेही नाही. प्रत्येक कथा आधीच्या कथेला उत्तर देते, आणि उत्तर देताना त्या जगात नवी भर घालते. लव्हक्राफ्टच्या उत्तम कथांत 'द हाँटर'ची गणना होते, आणि एका पोरसवदा वाचकाने त्याला मारायची परवानगी मागितली नसती तर ती लिहिलीच गेली नसती.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. असे दार उघडे ठेवले की कुणीही आत येतो आणि घराची मोडतोड करतो. लव्हक्राफ्टच्या बाबतीत हे घडले, आणि ते करणारा त्याचा सर्वांत मोठा उपकारकर्ता होता. ऑगस्ट डर्लेथ हा विस्कॉन्सिनमधला लेखक. लव्हक्राफ्टच्या कथा मासिकांच्या जुन्या अंकांत कुजून जाऊ नयेत म्हणून त्याने डॉनल्ड वॉन्ड्रेच्या साथीने १९३९ साली 'आर्कम हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली. ते दोघे नसते तर आज लव्हक्राफ्टचे नावही कुणाला ठाऊक नसते. १९६९ साली 'टेल्स ऑफ द क्थुलू मिथॉस' हा संग्रह डर्लेथनेच संपादित केला. मूळ लेखकाच्या दोन कथा, मित्रांच्या कथा आणि नव्या पिढीच्या कथा अशी त्याची रचना होती. 'क्थुलू मिथॉस' ही संज्ञाही डर्लेथची, लव्हक्राफ्टने ती कधी वापरली नव्हती. पण डर्लेथ श्रद्धाळू कॅथलिक होता आणि माणसाची दखलही न घेणारे विश्व त्याला सोसवेना. त्याने त्या देवांचे सुष्ट आणि दुष्ट असे दोन तट पाडले, त्यांना पृथ्वी, जल, वायू, अग्नी अशी खाती वाटून दिली. लव्हक्राफ्टच्या टिपणांतल्या तुटक मजकुराभोवती स्वतः कथा रचून त्या दोघांच्या नावावर छापल्या. परिणामी पंचवीस-तीस वर्षे वाचकांनी लव्हक्राफ्ट समजून बराचसा डर्लेथ वाचला.

मला हा आक्षेप रास्त वाटतो, आणि डर्लेथची ती वाटणी मला वाचवत नाही. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक, डर्लेथने जाब विचारला नव्हता, त्याने आपले म्हणणे गुरूच्या तोंडी घातले होते. शिष्याने मतभेद स्वतःच्या सहीने मांडणे वेगळे आणि गुरूच्या सहीखाली खपवणे वेगळे. दोष उसन्या जगात लिहिण्याचा नाही, हे न सांगता करण्याचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. डर्लेथची चूक पुढे दुरुस्त झाली ती उघड्या दारामुळेच. समीक्षकांनी मूळ हस्तलिखिते तपासली, लव्हक्राफ्टचा खरा विचार वेगळा होता हे दाखवून दिले, आणि नव्या कथाकारांनी डर्लेथचे तट बाजूला सारून लिहायला घेतले. जग एकाच वारसाच्या ताब्यात कुलूपबंद राहिले असते तर वारसाचा अर्थ हाच अखेरचा अर्थ ठरला असता. संपादक म्हणून तर डर्लेथला स्वतःलाही हे कळत होते. लिव्हरपूलचा रॅम्झी कॅम्बेल नावाचा शाळकरी मुलगा लव्हक्राफ्टच्या मॅसॅच्युसेट्समध्ये घडणाऱ्या कथा पाठवू लागला, तेव्हा डर्लेथने त्याला सांगितले की अमेरिका सोड, तुझ्या ओळखीच्या इंग्लंडमध्ये कथा घडव. कॅम्बेलने सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात स्वतःची गावे वसवली. १९६४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचे पहिले पुस्तक आर्कम हाउसने काढले. पुढे तो ब्रिटनमधल्या अग्रगण्य भयकथाकारांत गणला गेला. ज्याने लव्हक्राफ्टला बिघडवले त्यानेच दुसऱ्याला लव्हक्राफ्टच्या सावलीतून बाहेर काढले.

जाब विचारणे म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते २०१५ सालच्या 'शी वॉक्स इन शॅडोज' या संग्रहात. लव्हक्राफ्टच्या लेखनात स्त्रिया जवळजवळ नाहीत. ज्या आहेत त्यांना कथेत फारसे बोलायला मिळत नाही. आणि परक्या वंशाच्या, मिश्र रक्ताच्या माणसांविषयीची त्याची किळस नुसती खासगी मतांपुरती नव्हती, ती त्याच्या भयाचा कच्चा माल होती. 'डनिच हॉरर' या कथेत लाव्हिनिया व्हेटली ही बाई केवळ राक्षसी मुले जन्माला घालण्यापुरती येते आणि मग नाहीशी होते. तिचे काय झाले हे विचारायची कथेत कुणाला गरजच वाटत नाही. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया आणि पॉला स्टाइल्स या दोन संपादिकांनी केवळ लेखिकांना बोलावले आणि अशा बायकांच्या कथा लिहायला सांगितल्या. अँजेला स्लॅटरने लाव्हिनियाचीच कथा लिहिली. मोरेनो-गार्सिया मूळची मेक्सिकोची, कॅनडात स्थायिक झालेली. म्हणजे लव्हक्राफ्टला ज्यांची धास्ती वाटे त्यांच्यातली एक. तिने लव्हक्राफ्टच्या कथांतल्या स्त्रिया आणि वंशशुद्धीचा विचार या विषयावर विद्यापीठात प्रबंधही लिहिला. तिला हा लेखक नाकारायचा असता तर सरळ पाठ फिरवता आली असती. त्याऐवजी तिने त्याच्या घरात शिरून बंद खोल्या उघडल्या. २०१६ साली या संग्रहाला 'वर्ल्ड फँटसी' पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षीच, वंशद्वेषाच्या आक्षेपामुळे, त्या पुरस्काराचे चिन्ह असलेला लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा काढण्याचा निर्णय जाहीर झाला होता. पुतळा हटवला आणि पुतळा ज्याचा होता त्याच्या जगातल्या कथांना बक्षीस दिले, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही त्याच हिशेबाचे भाग आहेत.

लेखक हयात असताना असा हिशेब मांडता येतो का? आयझॅक ॲसिमॉव्हची पहिली कथा १९३९ साली छापली गेली. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १९८९ साली मार्टिन ग्रीनबर्गने 'फाउंडेशन्स फ्रेंड्स' हा संग्रह काढला आणि ॲसिमॉव्हने आपले यंत्रमानव, आपले आकाशगंगेचे साम्राज्य, सगळे पाहुण्यांच्या हवाली केले. काही पाहुण्यांनी फटी बुजवल्या. साम्राज्याची राजधानी ट्रँटर लुटली गेली, हे ॲसिमॉव्हने मूळ 'फाउंडेशन' मालिकेत ओझरते सांगितले होते. हॅरी टर्टलडोव्हने ती लूट प्रत्यक्ष दाखवली. हे काम कसबाने केलेले आहे, पण त्यातून आपल्याला नवे काही कळत नाही. ऑर्सन स्कॉट कार्डची 'द ओरिजिनिस्ट' ही दीर्घकथा मात्र वेगळ्या तोलाची आहे. ॲसिमॉव्हच्या मालिकेत इतिहास गणिताने चालतो. हॅरी सेल्डन हा शास्त्रज्ञ हजारो वर्षांचे भविष्य समीकरणांत बसवतो. एकेकटा माणूस त्यात नगण्य, आणि पहिल्या खंडात बायका तर नावालाच. कार्डने सेल्डनच्याच ओळखीतला एक श्रीमंत, विद्वान गृहस्थ घेतला. सेल्डनने आपल्याला महान योजनेत घेतले नाही, याचे शल्य उरात बाळगणारा. त्याची बायको राजधानीतल्या ग्रंथालयात काम करते आणि हळूहळू घरापेक्षा तिथेच जास्त राहू लागते. संसार विस्कटतोय, हे त्याला दिसते. कारण कळत नाही. शेवटी उलगडते ते असे, की ग्रंथालयात सूची बनवणारी ती माणसेच सेल्डनची गुप्त संस्था आहेत, आणि त्यांना बांधून ठेवणारा धागा गणिताचा नाही. एकमेकांना सांगितलेल्या आणि आपल्याशा केलेल्या गोष्टींचा आहे. ॲसिमॉव्हच्या मूळ गृहीतकालाच हे आव्हान आहे. ॲसिमॉव्हच्या गौरवासाठी काढलेल्या पुस्तकात, त्याच्या डोळ्यांदेखत ते छापले गेले, आणि त्याने त्याला वाट दिली. ॲसिमॉव्हविषयी मला वाटणारा आदर या एका गोष्टीने वाढतो.

उलट उदाहरण जॅक व्हान्सचे. १९५० साली आलेल्या त्याच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात सूर्य लाल पडत विझत चालला आहे आणि उरलेली माणसे अतिशय नटव्या, सभ्य भाषेत एकमेकांना फसवत जगत आहेत. जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि गार्डनर डोझॉ यांनी २००९ साली त्या जगावरचा 'साँग्ज ऑफ द डाइंग अर्थ' हा जाडजूड संग्रह काढला. तेव्हा व्हान्स नव्वदी ओलांडलेला होता, दृष्टी गेलेली होती. लेखकमंडळी मोठी, माया मनापासूनची. पण बहुतेकांनी व्हान्सचा आवाज काढण्यातच शक्ती खर्च केली. तीच वळणदार वाक्ये, तेच दुर्मिळ शब्द, तीच गोड लबाडी. चार कथांनंतर कान थकतात. या ग्रंथात प्रत्येक कथेला लेखकाने जोडलेले एक टिपण आहे, व्हान्सचे पुस्तक आपल्याला पहिल्यांदा कधी, कुठे भेटले याचे. ती टिपणे कित्येकदा कथांहून सरस उतरली आहेत, कारण तिथे प्रत्येकजण स्वतःच्या आवाजात बोलतो.

इथे दुसरा आक्षेप दार ठोठावतो. स्वतःचा आवाज एवढा महत्त्वाचा असेल तर लेखकाने स्वतःचे जगच का उभारू नये? टोल्किनच्या बाबतीत नेमके तसे झाले. १९९२ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ग्रीनबर्गनेच 'आफ्टर द किंग' हा संग्रह काढला, पण त्यातली एकही कथा टोल्किनच्या मध्य-पृथ्वीवर घडत नाही. प्रत्येकाने आपापल्या जगातली कथा दिली. त्यातली टेरी प्रॅचेटची 'ट्रोल ब्रिज' अप्रतिम आहे. म्हातारा झालेला योद्धा एका पुलाखालच्या राक्षसाशी लढायला येतो, आणि दोघे लढायचे सोडून पूर्वीचे अरण्य, पूर्वीचे राक्षस, पूर्वीचे योद्धे कसे संपले याची हळहळ करत बसतात. टोल्किनच्या लेखनातली सरत्या युगाची खंत प्रॅचेटने टोल्किनचे एकही पात्र न घेता पकडली. मग उसन्या जगाची गरज काय? गरज एवढीच, की काही प्रश्न त्या जगातच विचारता येतात. लाव्हिनियाचे काय झाले हा प्रश्न लाव्हिनियाचे नाव बदलून विचारला तर त्याची धार जाते. आपल्याकडे 'युगान्त' आणि 'मृत्युंजय' ही दोन्ही पुस्तके १९६७ साली आली. इरावती कर्वे यांनी भीष्माला किंवा द्रौपदीला विचारलेले प्रश्न नवी पात्रे रचून विचारता आले नसते, आणि कर्ण उसना आहे म्हणून शिवाजी सावंतांची कादंबरी कुणी उसनी म्हणत नाही. फरक इतकाच, की व्यासांचे वारस परवानगीपत्र मागायला येत नाहीत.

शेरलॉक होम्सचे वारस येत. कॉनन डॉयलने स्वतः तर दार सताड उघडे ठेवले होते. त्याच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांत न सांगितलेल्या प्रकरणांचे उल्लेख विखुरलेले आहेत, आणि डॉक्टर वॉटसनने अशी टिपणे एका पत्र्याच्या पेटीत घालून लंडनमधल्या एका बँकेत ठेवली आहेत, असेही तो सांगून जातो. दुसऱ्या लेखकांना याहून उघड आमंत्रण कोणते? पण डॉयल १९३० साली गेला, आणि १९४४ साली 'एलरी क्वीन' या जोडनावाने लिहिणाऱ्या दोघांनी मार्क ट्वेन, ओ. हेन्री, अगाथा ख्रिस्ती अशांनी होम्सवर लिहिलेल्या विडंबनांचा आणि अनुकरणांचा संग्रह काढला, तेव्हा डॉयलच्या मुलांनी तो विक्रीतून काढून घ्यायला लावला. त्यातल्याच एका मुलाने, एड्रियनने, पुढे जॉन डिक्सन कार यांच्या जोडीने होम्सच्या बारा नव्या कथा स्वतः लिहून पुस्तक काढले. म्हणजे हरकत होम्सवर दुसऱ्याने लिहिण्याला नव्हती, आपल्याखेरीज दुसऱ्याने लिहिण्याला होती.

हे भांडण अलीकडे कोर्टात सुटले, आणि तेही अशाच एका संग्रहामुळे. लॉरी किंग आणि लेस्ली क्लिंगर यांनी २०११ साली 'अ स्टडी इन शेरलॉक' काढला, तेव्हा प्रकाशकाने डॉयलच्या वारसांना ५,००० डॉलर मोजले. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी पुन्हा मागणी आली. क्लिंगर पेशाने वकील. त्यांनी पैसे न देता २०१३ साली दावा लावला. अमेरिकेत तोवर साठपैकी पन्नास कृतींचा कॉपीराइट संपला होता, फक्त शेवटच्या दहा कथांचा उरला होता. वारसांचे म्हणणे असे, की होम्स हे पात्र त्या शेवटच्या कथांत पूर्णत्वाला गेले, त्यामुळे त्या मुक्त होईपर्यंत सगळा होम्स आमचा. २०१४ साली अपील न्यायालयात न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी हे फेटाळले. मुक्त झालेल्या कथांतला होम्स सर्वांचा, उरलेल्या दहांत नव्याने आलेला तपशील तेवढा वारसांचा, असा तो निवाडा. पुढे खर्चाच्या हुकुमात पोझ्नर यांनी वारसांच्या वसुलीच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले आणि क्लिंगर यांनी लोकांचे काम केले असे म्हटले. उरलेल्या कथाही १ जानेवारी २०२३ पर्यंत मुक्त झाल्या. मला वारसांच्या हक्कांबद्दल आकस नाही. लेखकाच्या कुटुंबाला त्याच्या श्रमाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण त्या हक्काला मुदत असते ती याचसाठी, की पात्र कधीतरी वाचकांच्या ताब्यात यावे.

वाचकांच्या ताब्यात आलेल्या होम्सचे काय होते? नील गेमनची 'अ स्टडी इन एमराल्ड' २००३ साली 'शॅडोज ओव्हर बेकर स्ट्रीट' या संग्रहात आली आणि पुढच्या वर्षी तिला 'ह्यूगो' पुरस्कार मिळाला. संग्रहाची अट होती होम्स आणि लव्हक्राफ्ट यांची जगे एकत्र आणण्याची. १८८१ सालचे लंडन, अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेला सैनिक, बेकर स्ट्रीटवरचा अतिबुद्धिमान भाडेकरू, सगळे ओळखीचे. फक्त इंग्लंडची राणी ही लव्हक्राफ्टच्या जुन्या देवांपैकी एक आहे, आणि सातशे वर्षांपासून हेच देव जगावर राज्य करत आहेत. एका राजपुत्राचा खून होतो, रक्त हिरवे. कथेच्या शेवटी वाचकाच्या ध्यानात येते, की तपास करणारा हा बुद्धिमान माणूस होम्स नव्हेच, तो होम्सचा वैरी मोरिआर्टी आहे, कथा सांगणारा त्याचा साथीदार मोरान आहे, आणि ज्या बंडखोरांना ते शोधत आहेत तेच होम्स आणि वॉटसन. राज्यकर्ते राक्षस असतील तर कायद्याचा रखवालदार कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न डॉयलने कधी विचारला नव्हता. त्याच्या कथांत वसाहतींतून आलेले रत्न, विष, साप हे लंडनच्या शांततेवरचे संकट असते. ती शांतता कुणाच्या जिवावर उभी आहे, हे कथेबाहेर राहते. गेमनने होम्सलाच सिंहासनाच्या विरुद्ध उभे करून ते कथेत आणले. होम्सवर जीव असल्याशिवाय अशी कथा सुचत नाही.

धंद्याचा आक्षेप उरतो. मुखपृष्ठावर दिवंगत लेखकाचे नाव ठळक आणि कथा लिहिणाऱ्यांची बारीक, हे चित्र खरेच आहे, आणि त्या नावाच्या आधाराने कित्येक रद्दड कथा खपतात. यावर संपादकाच्या नजरेखेरीज दुसरा इलाज मला दिसत नाही. जो संपादक पुरवणी मागतो त्याला पुरवणी मिळते. मोरेनो-गार्सियाने नेमका प्रश्न मांडून लेखिका बोलावल्या, म्हणून तिच्या संग्रहाला कणा आहे.

मराठीत हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे कॉपीराइट राहतो. नारायण धारप २००८ साली गेले, फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत २००१ साली. त्यांच्या जगात लिहायचे तर अजून कित्येक दशके वारसांचा होकार लागेल, आणि तो उदारपणे मिळावा अशी इच्छा धरण्यापलीकडे काही करता येत नाही. पण चिं. वि. जोशी १९६३ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या हयातीत छापलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचे झाले आहेत. चिमणरावांच्या भाबडेपणावर मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या हसला. त्या घरात त्यांची बायको काऊ दिवसभर काय करत होती, नवऱ्याचे आणि गुंड्याभाऊंचे उपद्व्याप निस्तरताना तिला काय वाटत होते, हे चिमणरावांच्या तोंडून कळण्यासारखे नाही, कारण सांगणारे तेच आहेत. त्या काळच्या पुण्यात त्यांच्या आळीबाहेरही वस्ती होती. तिथल्या माणसांना हे कारकुनी घराणे कसे दिसत असेल? चिं. वि. बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते, बौद्ध वाङ्मयाचे जाणकार होते, आणि ती विद्या चिमणरावांच्या घरात कधी शिरली नाही. यातला एकेक प्रश्न एकेका कथेचा आहे. पंधरा लेखक आणि एक खमका संपादक मिळाला तर संग्रह वर्षभरात उभा राहील, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही.